बॅगेचा आवाज

पहिली गोष्ट, भावड्या, गवतावर थुंकायचं नाही.
बाकीचं चालता चालता कळतं.

साडेपाचला ये. देवळाली कॅम्पात तेव्हा
बेकरीची भट्टी तेवढी जागी असते.
डिसेंबरात पहिल्याच होलाला
गुडघ्यापर्यंत पँट भिजते. भिजू दे.
टॉवेलाचं मात्र एकच टोक ओलं हवं:
ओल्यानं बॉल पुसायचा, कोरड्यानं साहेबाची मूठ.

चौदा काठ्या. नावं नंतर शिक,
आधी वजनं शिक.
मला अंधारात हात घालून सात नंबर काढता येतो,
आई नुसती पाठ चाचपून सांगायची ना,
ही चंद्री, ही मोरी, तसा.

बॉल उडाला की सगळे आभाळात बघतात.
तूही बघ, पण तो टेकेल तिथलं एक झाड धरून ठेव,
तिसरी बाभूळ, तिच्या डावीकडे घाणेरी,
मग बाभळीकडे चाल.
साहेब पटर घेऊन वाकला की सावली आवर.
सकाळची सावली लांब असते,
कुणाच्याही पायात येते.

रेंजवर तोफ वाजली की नवखा दचकतो,
फटका वाकडा जातो,
शिवी तुला मिळते. घे.
तोफेला कोण देणार?

नवव्याच्या उतारावर टिटवीची चार अंडी आहेत,
खडी समजून पाय देशील.
मी शेजारी काडी खोचलीय.
तिकडं बॉल गेला तर हरवला म्हण.
एवढं खोटं चालतं.

दुसरं नाही चालत. ते सांगतो.

पेसीशेठची बॅग मी एकवीस वर्षं उचलली.
शेवटी शेवटी त्यांना बॉल दिसेना,
आधी लांबचा, मग जवळचा,
मग पायाशी ठेवलेलासुद्धा मी बोट लावून दाखवायचो.
"चिंचेच्या अलीकडे, शेठ, जरा उजवीकडे,"
आणि ते माझ्या आवाजामागं चालायचे.

पेरीनबाई गेल्यावर पहिल्यांदा आले त्या दिवशी
दोन बॉल लागोपाठ घाणेरीत गेले.
मला बघवेना.
खिशातला एक काढून ग्रीनवर ठेवला,
भोकापासून दोन हातांवर.
म्हटलं, शेठ, काय मारलाय!

ते थांबले. टोपी काढली, परत घातली.
"कचरू, खोटा बोलते तू."
मी गप्प.
"तुझी बॅग सांगते. खरा बोलते तेव्हा
काठ्या एका ठेक्यात वाजते.
आता पाय चोरत आला तू."

मग वाकले, चाचपत, आणि तो बॉल
हळूच भोकात ढकलला.
"लिही, नऊ.
अन् एक तुझा. दहा."

कार्डावर मी दहा लिहिले.
शून्य जरा चपटं आलं.

नाशकात कुणाला गोल्फ क्लब म्हणालास
तर ते मैदान समजतील, सभांचं, क्रिकेटचं.
तिथं कुणाच्या हातात काठी मी पाहिली नाही,
चालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांची सोडून.
तू सांग, कॅम्पात बॅग उचलतो.
हमाल म्हणतील. म्हणू दे.
हमालाला कुणी विचारत नाही
वारा कुठून आहे, आणि मारू का थांबू.

आणि विचारलं तर लगेच बोलू नकोस.
चिमूटभर गवत सोड हवेत, बघ कुठं जातं.
माहीत असलं तरी सोड.
त्यालाही तेवढा श्वास मिळतो.

वाळूत पाय उमटले की दाताळं फिरव,
आधी साहेबाचे, मग तुझे,
उलटं चालत बाहेर ये.

चपला नको उद्या.
माझे जुने बूट आहेत, दारामागं,
तुला एक नंबर मोठे होतील.
पुढं कापूस भर.