कलम अकरा, पोटकलम ग

झोपे साऊंड. भुसावळ, खडका रोड.
शटरवरचं नाव मालकांनी स्वतः रंगवलेलं.
गिऱ्हाईक हसलं की तेही हसायचे:
‘आडनाव झोपे, पण झोपू देत नाही कुणाला.’

मी टेस्टिंगला बसते. कानाला हेडफोन, हातात मीटर.
मे महिन्यात इथं हवाच सेहेचाळीसवर जाते,
तरी आमच्या डब्याचा आवाज चिरकत नाही;
ट्रान्सफॉर्मरची तार हिरामणदादा हातानं गुंडाळतो
आणि वेढे मोजताना कुणाशी बोलत नाही.

कंपनीचा करार आला, चौऱ्याण्णव पानी.
मालक म्हणाले, ‘बेबीताई, तुम्ही बारावी सायन्स. वाचा.’
वाचला.
तीन नमुने पाठवा. लॅब त्यांची, फी त्यांची,
खोलीचं तापमान पंचवीस धरलेलं.
डब्यामागे इतके डॉलर, विको न विको.
शिक्का कुठं लावायचा, किती मिलिमीटर, तेही होतं.
आणि कलम अकरा, पोटकलम ग:
नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार आमचा.

सही केली नाही.
तुळशीचं लग्न लागलं आणि अपडेट आलं.
यावल, चोपडा, पार नवापूरपर्यंत
एका रात्रीत दोनशे बारा डबे मुके.
दिवा हिरवा. आत वीज. पडद्यावर एक ओळ:
हे यंत्र प्रमाणित नाही.
अमळनेरचा मंडपवाला फोनवर ओरडला,
‘भाऊ, हयदना टाइम व्हयना, नि तुन्हा डबा मुका शे!’

मालक तीन दिवस जळगावला, वकिलाकडे.
चौथ्या दिवशी पायरीवर बसले.
‘माझी तार, माझं लाकूड,
आणि माझ्या डब्यानं बोलायचं तर परवानगी दुसऱ्याची?’

खरं आहे.
पण मी खणाकडं पाहत होते.
खणात आषाढापासून एक पत्र आहे,
शिरपूरच्या पॉलिटेक्निकमधल्या गुमान पावराचं:
तुमच्या डब्यातला एक प्रोग्राम मी ओळखला.
तो कुणीतरी सगळ्यांसाठी लिहून ठेवलाय, फुकट.
त्यांची अट एकच, पुढं देताना उघडा द्या.
तुम्ही केलेले बदल बघायला मिळतील का?
मामाच्या जुन्या रेडिओत घालायचे आहेत.
सोबत उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट.

तेव्हा मालक म्हणाले होते, ‘राहू द्या हो, कोण विचारतंय!’
आमच्या स्टिकरवर आहे, सर्व हक्क राखीव.
स्टिकर मीच छापून आणले,
हजाराला साडेचारशे.

आज पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.
वाचलं त्यांनी. परत वाचलं.
हिरामणदादा वेढे मोजायचा थांबला
(आता पहिल्यापासून मोजावे लागणार)
आणि दुकानात ती बारीक गुणगुण तेवढी उरली,
लाइनचीच, पन्नास हर्ट्झची,
जिला अजून कुणी लायसन मागितलं नाही.

‘पेनड्राइव्ह आहे का एखादा?’
माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

पाकिटावरचं तिकीट पाच रुपयांचं.
वरचे मी घातले.
दोनशे बारा डबे अजून मुकेच आहेत.