वाहक

तीन महिने वॉर्डाच्या दाराशी स्टूल टाकून
मी हात मोजले.
कुठला हात कुठल्या खाटेवरून कुठल्या खाटेवर गेला,
मध्ये नळाशी थांबला की नाही.
थांबला तर टिंब, नाही तर फुली.
पहिल्या आठवड्यात सिस्टर माझ्यावर चिडून होत्या,
दुसऱ्यात नळाशी रांग लागली,
तिसऱ्यात त्या मला विसरल्या
आणि आकडे खरे येऊ लागले.

गणित तसं साधं.
तीन रकाने : निरोगी, वाहक, आजारी.
मध्ये बाण, बाणांवर वेग.
एकापासून एकाहून जास्त जणांना लागलं तर पसरतं,
कमी जणांना लागलं तर विझतं.
आमच्या वॉर्डाचं उत्तर आलं एक पॉइंट एक.
दहा जणांमागे अकरा.
एवढंसंच.
चादरीत एक धागा चुकला तर कळतं का कुणाला?
मागावर उभं राहणाऱ्याला कळतं.

खाट चौदा : नरसम्मा गज्जम, विडी कामगार,
पायाची जखम तीन औषधांना दाद न देणारी.
चौथ्याने भरली. घरी सोडलं.
माझ्या आकृतीत 'घरी' असा एक बाण आहे,
कागदाच्या कडेपर्यंत जातो
आणि संपतो.

मी त्या बाणामागे गेले.
अशोक चौकातून आत, खटखट ऐकत,
दोन घरांत मिळून एक भिंत, एक नळ.
गोळ्या संपल्या का, विचारलं.
तिने विडीच्या दोऱ्याचा डबा उघडला. चार उरलेल्या.
दोन शेजारच्या पोराला दिल्या होत्या, ताप होता म्हणून.
"दीडशेला एक पडती बाई. पाय बरा झाला.
टाकवती का?"
मलाही टाकवली नसती.

हा वेग कुठल्या अक्षराने लिहू?
सर म्हणाले, गृहीत धर,
सगळी माणसं सारखीच मिसळतात.
सर जुळे सोलापुरात राहतात,
प्रत्येक खोलीला खिडकी.

शेवटच्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांच्या नाकातून
स्वॅब घेतले. माझाही घेतला,
स्टूलवर होतेच म्हणून.
रिपोर्ट शुक्रवारी आला.
मला काही होत नव्हतं.
वाहकाला काही होत नाही,
पान सातवर मीच लिहिलंय.

मोहोळच्या गाडीत, दाराजवळच्या सीटवर
रंगाने लिहिलेलं : वाहक.
इतकी वर्षं वाचत आले आणि वाचलंच नव्हतं.
कंडक्टरने सुटे पैसे पुढे केले.
माझा हात जरा उशिराच पुढे गेला.

रात्री एकूण माणसांत एक मिळवला,
सगळं पुन्हा सोडवलं.
उत्तर तेच. नुसता चौथ्या दशांश स्थळी
एक आकडा हलला.

आई म्हणाली, ताट वाढलंय, हात धुऊन ये.
नळाशी मी इतका वेळ उभी राहिले
की आमटी निवली.