बारवेवरची रेंज

दिवाळीनंतर आम्ही नावेवरच राहतो, नाथसागरात.
ताडपत्रीचं छत, एक स्टोव्ह, दोन लेकरं,
आणि अंकुशनं खताच्या गोण्या उसवून शिवलेलं शीड.
सकाळचं ऊन पलीकडून आलं की त्यावरचं उलटं वाचता येतं:
नेट वजन पंचेचाळीस किलो.
समर्थ विचारतो,
शिडावर नेट लिहिलंय,
मग फोनमध्ये काहून नाही?

फोन एकच. सोलरची पाटी वीतभर,
तिच्यावर एक तर दिवा चालतो, नाही तर फोन.
लेकरांना घड्याळाशी देणंघेणं नाही,
म्हणून मी भाताचा नियम केला.
भात स्टोव्हवर चढला की फोन चालू,
भात शिजला की बंद.
तेव्हापासून समर्थ झाकणाकडं बघत नाही,
आणि कार्तिकी लाडात येऊन म्हणते,
माय, आज भात जरा गिच्च कर ना.
कधी कधी मी पेलाभर पाणी जास्त घालते.
पाण्याला काय तोटा.

मी पण काही साधू नाही.
लेकरं निजली की आवाज बंद करून
एकच व्हिडिओ पाहते, पैठणच्या बाजारात उतरवून घेतलेला.
एक बाई फरशी पुसते.
दुसरं काहीच नाही त्यात.
लांबच लांब पांढरी फरशी,
न हलणारी.

रेंज मात्र सगळ्या पाण्यात एकाच जागी येते.
पैठणकडचा लाल दिवा आणि टेकडीवरचा मनोरा
एका रेषेत धरायचे,
मग चाळीस वल्ही.
तिथं खाली बारव आहे, जुन्या गावाची.
अंकुश तिकडं नाव नेत नाही.
म्हणतो, पडक्या भिंतींत जाळं अडकतं.
खरंच अडकतं. पण बिनजाळ्याचाही तो तिथून वळसा घालतो.
त्याचा जन्म धरणानंतरचा, पुनर्वसनातल्या पत्र्याखालचा.
गाव त्यानं फक्त बापाच्या तोंडून ऐकलं,
तेही बाप पिऊन आला की.

लेकरांना हे काय माहीत.
त्यांचा आपला धोसरा, बाबा, बारवेवर चला.

परवा कार्तिकीची वही सापडली, डाळीच्या डब्यामागं.
मला वाटलं, अभ्यास.
आत गाव काढलेलं होतं.
मासळी सोसायटीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना
विचारून विचारून काढलेलं,
पेन्सिलीनं, मग पेनानं:
बारव, चार दांड्या.
चावडी, दोन.
पिठाची गिरणी, एक, वारा असला तर.
लोहारआळी, काहीच नाही.

अंकुशनं वही उजेडाला धरली.
लई वेळ धरली.
मी स्टोव्ह पेटवला, तांदूळ धुतले,
समर्थनं फोन उचलला, नियमाप्रमाणं.
मग त्यानं विचारलं, मासळीचा भाव विचारावा तसं,
आणि आपलं घर गं?

कार्तिकी म्हणाली,
तिकडं रेंज येत नाही.
म्हणून काढलं नाही.

म्हातारे कुठं सांगतात पण?

लोहारआळीच्या मागं. चिंचेपाशी.

त्यानं शीड उतरवलं, वल्हं घेतलं.
जाळं टाकायची वेळ होती ती,
मी बोलले नाही.
कार्तिकी पुढं बसून हातानं दाखवत होती,
डावीकडं, अजून डावीकडं, बास,
जशी शहरातली पोरगी रिक्षावाल्याला दाखवते.
पाणी काळं. वर पाणकावळे घरी चाललेले.
समर्थचं कार्टून मधेच थांबलं,
मांजराचं तोंड उघडं ते उघडंच.
अंकुशनं बांबू खाली सोडला.
बांबू पुरला नाही.
त्याला दोरी बांधली, दोरीला दगड.
कशाला तरी लागला.
चिंचेला, भिंतीला, नुसत्या गाळाला,
काय की.
दोरी हातात धरून तो तसाच बसला,
गळाला मोठं काहीतरी लागल्यासारखा,
आणि ओढेना.

वास मला उशिरा आला.
झाकण काढलं तर तळ काळा ठिक्कर.
समर्थनं फोन छातीशी धरला.
भात शिजला की बंद, असं ठरलं होतं, तो म्हणाला.
करपला तर काय,
हे कुठं ठरलंय?