भरती

अंबाजोगाईच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या मागं,
गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात
समुद्राकाठचं एक झुडूप आहे.
जाड पानं. चाटली तर खारट.
रानात नुसता फुफाटा उडतो
त्या एप्रिलातही हिरवी.

देवर्जनकर सरांनी आणलं होतं खाडीवरून,
ओल्या टॉवेलात गुंडाळून.
सर गेले. पाटीवरचं लॅटिन नाव उन्हानं खाल्लं.
त्या खाडीत आता जेटी आहे म्हणे.

दैवशालाबाई रोज टँकरचं पाणी घालतात,
आणि पुनवेला, अवसेला
चिमूटभर खडेमीठ.
कामून हो, बाई?
"तिकडं त्या दिवशी पाणी लई चढतं म्हणायचे सर.
म्या कुठं बघितलाय समुद्र."

विभागात सतरा वर्षं भरती नाही.
तीन रिकाम्या खुर्च्या,
अन् हा डबा.

औंदा बाईंनी पाच फांद्या लावल्या
दुधाच्या पिशव्यांत.
दोन जळाल्या. एक बकरीनं खाल्ली,
खारट म्हणून आवडीनं.
उरलेल्या दोन कोकणातल्या एसटीनं गेल्या
कंडक्टरच्या पायाशी.

दिवाळीनंतर तिकडच्या वनरक्षकाचा फोन आला:
एक जगलं.
"पाणी कोण घालतंय?"
"घालायचं कशाला? समुद्र येतो की."
"रोज?"
"दिवसातनं दोनदा."

बाईंनी फोन ठेवला.
डब्याजवळ जाऊन उगाच उभ्या राहिल्या.
पुनवेला अजून चार दिवस होते.
पदराची गाठ सोडून
त्यांनी मीठ टाकलं.