बेळकं

म्लुंगिसीमामा आठवडाभर झाडांकडे नुसता बघत फिरला.
सरळ खोड त्याला नकोच होतं.
म्बाशेच्या काठी सापडलं शेवटी बेळकं,
माणूस पाय फाकून उताणा पडावा तसं.
"अर्धं काम झाडानंच करून ठेवलंय,"
म्हणाला, आणि तळहातावर थुंकला.

वाकसानं बूड तासलं, नाक वर उचललेलं ठेवलं,
नाहीतर ते जमिनीत रुततं.
आडव्या चार फळ्या. खिळे तिघींनाच पुरले,
चौथी वादीनं आवळली.
"आणि चाकं?"
त्यानं हनुवटीनं टेकडी दाखवली.
मागल्या गाडीची चाकं अजून तिथंच होती, दगडांत.

दुपारी बैल जुंपून डांबरी रस्त्यावर गेलो.
बसवाला टाकून गेला होता
आईनं केपटाऊनहून पाठवलेला फ्रिज.
आमच्याकडे वीज अजून आलेली नाही.

आडवा केला, बांधला, घोंगडीत गुंडाळला.
चढ, ओढा, पुन्हा चढ.
नोफुमलामामीनं दार उघडून आत नाक घातलं,
मग मक्याचं पीठ आणून ठेवलं त्यात.
उंदरांची सोय संपली.

मामाचं तिकडे लक्षच नव्हतं.
तो उकिडवा बसून
मातीतल्या दोन रेघा बोटानं मोजत होता.
"डावीकडून अजून तासायला हवं," म्हणाला.