दहापैकी किती

डॉक्टर विचारतात, ते मी तेलुगूत विचारते,
आलेलं उत्तर मराठी करून त्यांच्या टेबलावर ठेवते.
वाटेत थोडं सांडतं.

अंबुबाई मादगुंडी, वय बासष्ट, नीलमनगर,
साखर अकरा वर्षं.
‘मंट,’ म्हणाल्या. मी म्हटलं, आग होते.
मंट म्हणजे आगच,
पण त्यांची जाळाची नव्हती.
विझली समजून राखेत हात घालावा, तेव्हा कळते ती.

डॉक्टरांनी तळव्यावर कापूस फिरवला.
टाचणी लावली.
बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.
मग दुखतं कुठं?
‘तिथंच की. जिथं काही कळत नाही, तिथंच.
बाहेरून कुलूप आहे पोरी,
आणि आत कुणीतरी भांडी आपटतंय.’

दहापैकी किती?
बाई हसल्या.
चाळीस वर्षं रोज हजार बिड्या वळल्यात,
दहा तर मुकादम न बघताच छाटात काढायचा.
‘हजारात विचार.’
मांडीवर बोटं हलली,
पान नसताना पान वळत.
‘दिवसा सहाशे.
रात्रीचं मोजायला दिवा लावावा लागतो,
सून उठते.’

मी सांगितलं, सहा.
डॉक्टरांनी सहा लिहिलं.
बाहेर अजून चाळीस नंबर होते.

मुलगा चादरीच्या कारखान्यात आहे,
घरात छतापर्यंत थप्प्या,
पण एकही चादर त्यांच्या पायांना चालत नाही.
गड्ड्याच्या थंडीतसुद्धा पाय उघडे.
नक्षीतला मोर टोचतो म्हणाल्या.
हे मी सांगितलं नाही.
कुठल्या रकान्यात बसवणार मोर?

औषधाच्या खिडकीशी त्यांनी मला धरलं.
‘जिव्वुमंटुंदि म्हटलं मी, ते कसं सांगितलंस?’
चमक येते, असं.
‘चमक म्हणजे?’
मेरुपु. वीज.
मान हलवली त्यांनी. नाही.
‘वीज वर असते. दिसते तरी.’
मग स्वतःशीच दोनतीनदा म्हणाल्या, जिव्वु, जिव्वु,
आणि मला, इतकी वर्षं दोन्ही भाषा बोलणारीला,
पहिल्यांदाच त्यात जीव ऐकू आला.

गोळ्यांची पुडी कनवटीला खोचून
त्यांनी खाली वाकून बघितलं
दोन्ही चपला पायात आहेत का.
डावी नव्हती.
तपासायच्या खोलीतच राहिली होती.
मी आणून दिली.