चतुःसीमा

बावीस वर्षं मी लेउवार्डनच्या भूमापन कचेरीत
लोकांच्या भांडणांना रेघा आखून दिल्या.
पूर्वेस कालवा, पश्चिमेस टेर्पस्ट्रांचा गोठा,
दक्षिणेस विधवा बाईंची नाशपाती,
उत्तरेस सरकारी रस्ता.
सेंटिमीटरपर्यंत. सही, शिक्का.
घरी खणात चमचेसुद्धा
एकाच कुशीवर झोपायचे.

मग कचेरीत एक यंत्र आलं
आणि मला मिळाला केक, फुलं, भिंतीवरचं घड्याळ.

आता पहाटे पावणेपाचला होल्वर्टच्या बांधावर
माझ्याहून उंच काठी घेऊन उभी असते.
समोर समुद्र नसतो.
म्हणजे गेलेला असतो, येणार असतो,
आणि मधल्या वेळात उघडा पडलेला तळ
करडा, ओला,
कुणाच्याही नावावर न चढलेला.

पहिल्याच दिवशी मी नकाशा आणला होता.
वीब्रननं तो नीट घडी करून बुडाखाली घेतला,
त्यावर बसून हेरिंग खाल्ला.
"चांगला आहे," म्हणाला, "कोरडा आहे."
चाळीस वर्षं तो माणसांना बेटापर्यंत चालवत नेतोय
आणि विचारलं, वाट कुठून,
तर म्हणतो, काल इथून होती.

तिसऱ्या आठवड्यात मी मांडीपर्यंत रुतले.
ओढला पाय, तर दुसरा गेला.
"जोर नको, फोक्ये. आडवी हो."
आडवी?
"पाठ टेक त्याला. तो काही खात नाही."

टेकली.
आयुष्यात पहिल्यांदा अशा जमिनीवर
जिची हद्द मला सांगता आली नसती.
कानाशी बारीक कुरकुर, चुरचुर,
चिखलातले लाखो जीव
आपापली इवली तोंडं उघडत होते.
पाय कधी सुटला, कळलं नाही.

आज परीक्षा.
माझ्यामागे अकरा माणसं, त्यांच्यामागे वीब्रन, गप्प.
अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं
आणि जिथे ओहळ नव्हता तिथे ओहळ.
काठी घातली, बुडाली.
दहा पावलं डावीकडे. बुडाली.
साखरपावाचा डबा छातीशी धरलेला एक म्हातारा,
बेटावर बहिणीकडे निघालेला,
म्हणाला, "बाई, आता नक्की कुठून?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

कचेरीच्या वेळेत हे शब्द
माझ्या तोंडून कधी गेले नव्हते.
जीभ पोळेल वाटलं होतं.
उलट, कान उघडले.
पाणी कुठल्या बाजूनं बोलतंय ते ऐकलं.
पूर्वेस पाणी. पश्चिमेस पाणी.
उत्तरेस बेट, असेल.
दक्षिणेस बांध, दिसत नाही,
पण मेंढ्या ओरडतायत.

"मागे फिरू या," म्हणाले. "आधी काठी, मग पाय."

कुणी कुरकुरलं. कुणी पैशांचं विचारलं.
परत बांधावर आलो तेव्हा सगळे कमरेपर्यंत
एकाच रंगाचे झाले होते.
वीब्रननं वहीत पेन्सिलीनं काही खरडलं,
पेन्सिल कानामागे खोचली,
आणि पास की नापास ते
शुक्रवारच्या टपालानं येईल म्हणाला.

म्हाताऱ्यानं डबा उघडला.
"उद्यापर्यंत शिळा होईल," म्हणाला, "आणि उद्या
समुद्राचं काय ठरतंय कुणाला ठाऊक."
मोडला, वाटला, चिखलाच्या हातांनीच.
खडीसाखर दाताखाली
बारीक कुरकुरली, चुरचुरली.